बालेकिल्ले खरंच फिरले का? कॉमन्स लायब्ररी आणि एमआयटीच्या निकालफायलींचा आढावा

२३ जून २०१६ला ब्रिटनने ५१.९ टक्के मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतल्या एकूण जेमतेम ७८ हजारांच्या मताधिक्यावर ट्रम्प निवडून आले. तेव्हापासून 'कामगारांचे बालेकिल्ले उजवीकडे गेले' हे वाक्य आपल्याकडच्या चर्चांतही पाठ झालंय. ते पडताळून पाहायची साधनं फुकट मिळतात. ब्रिटनसाठी हाउस ऑफ कॉमन्स लायब्ररीच्या मतदारसंघनिहाय निकालफायली आहेत. अमेरिकेसाठी एमआयटीच्या इलेक्शन डेटा अँड सायन्स लॅबची काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) फाइल हार्वर्ड डेटाव्हर्स या ऑनलाइन भांडारात आहे, अध्यक्षीय निवडणुकांची, २००० सालापासूनची. दोन्ही उत्तम आहेत. पण दोन्हींत अशा जागा आहेत, जिथे नवखा माणूस हमखास चुकतो आणि चुकीचं उत्तर छातीठोकपणे सांगत सुटतो.

आधी ब्रिटनची फाइल. २०२४च्या निकालाचे दोन तक्ते आहेत, एक मतदारसंघनिहाय आणि दुसरा उमेदवारनिहाय. सुरुवात पहिल्यापासून करा. ६५० ओळी, प्रत्येक ओळीत नोंदणीकृत मतदार, वैध मतं, अवैध मतं, मताधिक्य आणि पक्षवार मतं. उतरवून घेतल्यावर पहिलं काम म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या पक्षाचा स्तंभ मोजून बघणं. मजूर पक्ष ४११, हुजूर १२१, लिबरल डेमोक्रॅट ७२, रिफॉर्म ५ असं आलं पाहिजे. मजूर पक्ष ४१२ आला, तर तुम्ही सभापतींची चॉर्लीची जागा त्यांच्यात धरली आहे. ती काढा. सभापतींविरुद्ध मोठे पक्ष उमेदवार देत नाहीत, त्यामुळे तिथल्या टक्केवारीची तुलना कशाशीच होत नाही.

नोंदणीकृत मतदारांचा स्तंभ असणं हे या फाइलचं सर्वांत मोठं बलस्थान. घरी बसलेला मतदार त्यामुळे मोजता येतो आणि पक्षनिष्ठेच्या अभ्यासात तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. डर्बीशरमधला कोळसाखाणींचा बोल्सोव्हर मतदारसंघ घ्या. मजूर पक्षाचे डेनिस स्किनर तिथून १९७०पासून सलग निवडून येत होते. २०१७मध्ये त्यांना २४,१५३ मतं होती, २०१९मध्ये १६,४९२. म्हणजे ७,६६१ मतं गेली. हुजूर पक्ष मात्र १८,८६५वरून २१,७९१वर, म्हणजे फक्त २,९२६ने वाढला. ब्रेक्झिट पार्टीने ४,१५१ मतं घेतली. 'मजूर मतदार हुजूर झाला' एवढ्याच चष्म्यातून पाहिलं तर यातली निम्म्याहून अधिक गळती दिसतच नाही. मजूर पक्षावरची निष्ठा सुटणं आणि हुजूर पक्षाशी जुळणं या दोन निराळ्या घटना आहेत, आणि बोल्सोव्हरमध्ये पहिली दुसरीपेक्षा बरीच मोठी होती. २०२४मध्ये ती जागा पुन्हा मजूर पक्षाकडे गेली, यात मग नवल वाटत नाही.

याच कारणासाठी दोन पक्षांतला 'स्विंग' काढायची जुनी रीत आता जपून वापरा. एका पक्षाची वाढ आणि दुसऱ्याची घट यांची सरासरी, हे तिचं सूत्र. २०१९ ते २०२४ दरम्यान मजूर पक्ष ३२.१ टक्क्यांवरून ३३.७वर गेला, म्हणजे १.६ने वाढला. हुजूर ४३.६वरून २३.७वर आले, म्हणजे १९.९ने घसरले. सूत्रात घातलं की उत्तर येतं 'मजूर पक्षाकडे १०.८ टक्क्यांचा स्विंग'. प्रत्यक्षात मजूर पक्षाची एकूण मतं १ कोटी २ लाख ७० हजारांच्या आसपास होती, ती ९७ लाखांवर उतरली. सूत्र दोन पक्षांच्या काळातलं आहे, मैदानात आता पाच पक्ष आहेत. त्यापेक्षा प्रत्येक पक्षाची मतं भागिले नोंदणीकृत मतदार असा वेगळा स्तंभ करा, आणि 'मतदान न केलेले' हाही एक पक्ष समजून त्याचा स्तंभ ठेवा. एका दुपारचं काम आहे, आणि त्यानंतर चित्र पार वेगळं दिसतं.

आता ब्रिटनच्या फाइलमधले खड्डे. सर्वांत खोल खड्डा हद्दींचा. २०२४ची निवडणूक नव्या हद्दींवर झाली. बहुतेक मतदारसंघांत ६९,७२४ ते ७७,०६२ मतदार असावेत, असा नियम होता. त्यामुळे २०१९चे खरे निकाल २०२४च्या शेजारी मांडून वजाबाकी करणं साफ चूक. त्यासाठी नव्या हद्दींवर बेतलेले २०१९चे अंदाजित निकाल घ्या. ते कॉलिन रॅलिंग्ज आणि मायकेल थ्रॅशर या निवडणूक-अभ्यासकांनी तयार केले आहेत आणि लायब्ररीच्याच संकेतस्थळावर मिळतात. दोन्ही तक्ते जोडताना मतदारसंघाच्या कोडवरून जोडा, नावावरून कधीच नको. नाव तेच राहून हद्द बदललेली कितीतरी उदाहरणं आहेत.

हे निकाल अंदाजित का, हे आपल्या वाचकाला पटकन कळत नाही. आपल्याकडे निवडणूक आयोगाच्या फॉर्म २०मध्ये बूथनिहाय मतं मिळतात. आपल्या गल्लीने कुणाला मत दिलं, हे चहाच्या टपरीवरही लोक सांगतात. ब्रिटनमध्ये मतपत्रिका मोजण्याआधी वेगवेगळ्या पेट्यांतल्या एकत्र मिसळतात, म्हणून बूथनिहाय निकाल निघतच नाही. हद्द बदलली की जुनी मतं स्थानिक निवडणुकांतल्या वॉर्डांच्या आकड्यांवरून वाटून द्यावी लागतात. दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर मोठा निष्कर्ष उभा करू नका, एवढं पथ्य पाळलं तर हे आकडे कामाला येतात.

सार्वमताच्या आकड्यांनाही हीच अडचण. २०१६ची मोजणी मतदारसंघांत झालीच नाही. ती ३८२ मोजणी क्षेत्रांत झाली, म्हणजे ग्रेट ब्रिटनमधली ३८० स्थानिक प्राधिकरणं, अख्खं उत्तर आयर्लंड आणि जिब्राल्टर. 'अमुक मतदारसंघाने ६५ टक्के लीव्ह (बाहेर पडा) दिलं' असं वाचलंत, तर तो आकडा बहुधा राज्यशास्त्रज्ञ ख्रिस हॅनरेटी यांच्या अंदाजातून आलेला असतो. अंदाज चांगले आहेत, लायब्ररीने ते छापले आहेत आणि काही ठिकाणचे प्रत्यक्ष आकडे मिळाले ते वेगळे दाखवले आहेत. तुमच्या तक्त्यातही तो भेद ठेवा. शक्य असेल तिथे मूळ मोजणी क्षेत्रच वापरा. बॉस्टनने ७५.६ टक्के लीव्ह दिलं, लॅम्बेथने ७८.६ टक्के रिमेन (संघातच राहा) दिलं. हे प्रत्यक्ष मोजलेले आकडे आहेत.

तिसरा खड्डा रिकाम्या चौकटींचा. रिफॉर्म यूके हा पूर्वीच्या ब्रेक्झिट पार्टीचाच अवतार, म्हणून २०१९ची ब्रेक्झिट पार्टी आणि २०२४चा रिफॉर्म यांची वजाबाकी करायचा मोह होतो. पण २०१७मध्ये हुजूर पक्षाने जिंकलेल्या ३१७ जागांवर ब्रेक्झिट पार्टीने २०१९मध्ये उमेदवारच दिला नव्हता. तिथे शून्य धरलंत, तर रिफॉर्मची वाढ अवाच्या सवा फुगते, आणि नेमकी हुजूर पक्षाच्या हक्काच्या जागांवर. चौकट रिकामी ठेवा, सरासरी काढताना त्या जागा वेगळ्या काढा. पोटनिवडणुकाही या फाइलमध्ये नसतात. १ मे २०२५ला रंकॉर्न अँड हेल्सबीची जागा रिफॉर्मने ६ मतांनी घेतली. तिथे वर्षभरापूर्वी मजूर पक्षाचं मताधिक्य १४,६९६ होतं. फाइलवर विसंबून राहिलात तर ही जागा अजून मजूर पक्षाकडेच दिसेल.

लेस्टर ईस्टकडे भारतीय वाचकाचं लक्ष हमखास जातं, म्हणून तिथला एक सापळा सांगायलाच हवा. २०२४मध्ये हुजूर पक्षाने नव्याने मिळवलेली ही एकमेव जागा. 'भारतीय वंशाचा मतदार हुजूर पक्षाकडे वळला' अशी मांडणी लगेच झाली. उमेदवारनिहाय तक्ता उघडा. हुजूर उमेदवाराला सुमारे ३१ टक्के मतं आहेत, आणि आधीच्या निवडणुकीत तिथेच हुजूर पक्षाला ३८च्या आसपास होती. टक्का घसरला तरी जागा आली, कारण मजूर पक्षाची मतं फुटली. पक्षाचे दोन माजी खासदार पक्षाबाहेरून उभे होते, क्लॉडिया वेब अपक्ष म्हणून आणि कीथ वाझ 'वन लेस्टर' पक्षाकडून. मतदारसंघनिहाय तक्त्यात हे दोघे 'इतर'मध्ये गडप होतात. म्हणून जिथे 'इतर'चा आकडा मोठा दिसेल, तिथे दुसरा तक्ता उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. जाता जाता आणखी एक: ब्रिटनमध्ये राहणारे भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मतदार होऊ शकतात आणि २०१६च्या सार्वमतातही त्यांना मत होतं. नोंदणीकृत मतदारांचा आकडा वाचताना हे ध्यानात असू द्या.

एमआयटीची फाइल वेगळ्या जातीची आहे. एका उमेदवाराची एका काउंटीतली मतं म्हणजे एक ओळ. तीन हजारांवर काउंट्या, वीस वर्षांहून अधिक काळ, एकाच जागी आणि एकाच साच्यात. पन्नास राज्यांच्या पन्नास तऱ्हांच्या निकालपत्रकांतून हे जुळवून देणं ही खरोखर मोठी सेवा आहे. पण उघडल्या उघडल्या वापरायची ही फाइल नव्हे.

पहिली चूक 'मोड' (मतदानाची पद्धत) नावाच्या स्तंभात होते. जुन्या निवडणुकांत तिथे सगळीकडे 'टोटल' असतं, म्हणून लोक 'टोटल'ची चाळणी लावतात. २०२०मध्ये जॉर्जिया, अ‍ॅरिझोना, नॉर्थ कॅरोलायना यांसारख्या राज्यांचे आकडे टपाली, मुदतपूर्व आणि मतदानाच्या दिवशीचे असे तोडून दिलेले आहेत. चाळणी लावली की जॉर्जियाच्या १५९ काउंट्या गुपचूप गळतात. चाळणी न लावता पहिली ओळ उचलली, तर फक्त एका पद्धतीची मतं हाती येतात, आणि २०२०मध्ये टपाली मतदार व प्रत्यक्ष जाणारा मतदार यांचा कल अगदी वेगळा होता. उपाय असा: काउंटी, वर्ष आणि उमेदवार यांवर बेरीज घ्या, मग सगळ्या उमेदवारांची बेरीज एकूण मतांच्या स्तंभाशी ताडून पाहा. बेरीज दुप्पट आली तर तिथे तुकडे आणि 'टोटल' दोन्ही मोजले गेलेत. शेवटी देशाचा आकडा तपासा. २०२०ला बायडेन ८ कोटी १२ लाखांच्या वर आणि ट्रम्प ७ कोटी ४२ लाखांच्या आसपास हवेत.

दुसरी चूक काउंटीच्या पाच आकडी एफआयपीएस कोडची. एक्सेल सुरुवातीचं शून्य खातं आणि अलाबामाचा ०१००१ हा १००१ होतो. फाइल थेट दोनदा टिचकी मारून उघडू नका; डेटा आयात करून तो स्तंभ 'टेक्स्ट' म्हणून घ्या. मग राहतात अपवाद. अलास्का काउंटीनिहाय निकाल देत नाही, तिथे विधानसभेच्या जिल्ह्यांचे आकडे असतात, ते नकाशावर बसवू नका. साउथ डकोटातल्या शॅनन काउंटीचं नाव २०१५मध्ये ओग्लाला लकोटा झालं आणि कोड ४६११३चा ४६१०२ झाला. व्हर्जिनियातलं बेडफर्ड शहर २०१३मध्ये भोवतालच्या काउंटीत विलीन झालं. कनेक्टिकटसाठी जनगणना विभाग आता ८ काउंट्यांऐवजी ९ नियोजन प्रदेशांचे आकडे देतो, त्यामुळे लोकसंख्येचा तक्ता जोडताना ते राज्य रिकामं राहतं.

आणि खरी उणीव ही की नोंदणीकृत किंवा पात्र मतदारांचा आकडा या फाइलमध्ये नाहीच. ब्रिटनच्या फाइलमध्ये सहज मोजता येणारा घरी बसलेला मतदार इथे दिसेनासा होतो. त्यासाठी जनगणना विभागाचा मतदानाच्या वयाच्या नागरिकांचा तक्ता वेगळा आणावा लागतो, आणि तोही पाच वर्षांच्या पाहणीवरचा अंदाज असतो.

एवढं केल्यावर फाइल काय दाखवते, याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण टेक्सासच्या मेक्सिको सीमेवरची स्टार काउंटी. क्लिंटन यांना २०१६मध्ये ७९ टक्के, बायडेन यांना २०२०मध्ये ५२ टक्के, आणि २०२४मध्ये ट्रम्प यांना सुमारे ५८ टक्के. १८९२नंतर प्रथमच रिपब्लिकन उमेदवार तिथे जिंकला. टक्क्यांवरून वाटतं की मतदार दोन टप्प्यांत सरळ पलटला. मतं बघा. २०१६ ते २०२० डेमोक्रॅटिक मतं सुमारे ९,३००वरून ९,१००वर, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी. ट्रम्प यांची मात्र २,२००वरून ८,२००वर. म्हणजे २०२०मध्ये मुख्यतः एरवी न येणारा मतदार बाहेर पडलेला दिसतो. २०२४मध्ये डेमोक्रॅटिक मतं ६,९००पर्यंत घसरली आणि ट्रम्प ९,५००च्या घरात गेले. निष्ठेला खरा तडा तिथे गेलेला दिसतो. टक्का आणि मतं शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक कधीच कळत नाही.

तरीही 'दिसतो' या शब्दावर जोर आहे. दोन्ही फायली जागा मोजतात, माणसं नाही. बोल्सोव्हरचे गेलेले ७,६६१ जण हुजूर झाले, घरी बसले की वारले, आणि त्यांच्या जागी नवीन किती आले, हे कुठल्याच बेरजेतून निघत नाही. त्यासाठी त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारणारी पाहणी लागते. ब्रिटिश इलेक्शन स्टडीची २०१४पासून चाललेली इंटरनेट पाहणी नाव नोंदवून मोफत मिळते, दर फेरीला सुमारे ३० हजार लोक. तिचं मोल असं की २०१५चं मत २०१५मध्येच विचारलेलं असतं. नंतर विचारलं की लोक आजच्या पक्षाला शोभेल असं जुनं मत सांगतात. वजनाचा स्तंभ, म्हणजे नमुना सगळ्या मतदारांशी जुळता करणारा गुणक, लावायला मात्र विसरू नका. अमेरिकेसाठी कोऑपरेटिव्ह इलेक्शन स्टडी घ्या. तिच्यातलं मतदान मतदारयाद्यांशी ताडलेलं असतं, पण याद्या माणूस मतदानाला गेला की नाही एवढंच सांगतात, मत कुणाला दिलं ते नाही.

सुरुवात करणाऱ्याने ब्रिटनचीच फाइल आधी घ्यावी. शनिवार-रविवारात हाताखालून जाते. एमआयटीच्या फाइलला आठवडा द्या, आणि स्वच्छ केलेली प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवा, कारण मूळ फाइलच्या सुधारित आवृत्त्या येत राहतात. कुठल्या तारखेला कुठली आवृत्ती उतरवली, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवा.