श्रावणातल्या सामूहिक वाचनासाठी पुस्तक कोणतं? कानबाई ते पोळा, पाच पर्यायांची तुलना

श्रावणभर सगळ्यांनी मिळून वाचायचं, विषय 'सण आणि गाव', पुस्तक एकच. जळगाव, भुसावळ, अमळनेरकडे असं ठरवायला बसलं की ठरावीक नावं पुढे येतात: बहिणाबाईची गाणी, श्यामची आई, बनगरवाडी, ऋतुचक्र आणि नेमाड्यांची एखादी कादंबरी. पाचही पुस्तकं वाचावीत अशीच आहेत. पण महिन्याच्या उपक्रमात शेवटच्या बैठकीला किती जण पुस्तक संपवून येतात, यावर सगळं अवलंबून असतं.

खान्देशात हा महिना मुळातच गजबजलेला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, ही इकडची देवी, घरोघरी बसते, रात्रभर गाणी आणि जागरण होतं, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. सुरतेला, नाशिकला, पुण्याला कामाला गेलेली माणसं त्यासाठी गावी येतात. मग राखी, श्रावणी सोमवारांचे उपास, आणि अमावास्येला पोळा. घरी माणसं वाढलेली आणि निवांत वेळ कमी, अशा दिवसांत कोणी कोपऱ्यात बसून तीनशे पानं वाचेल ही अपेक्षा चुकीची आहे. उलट याच महिन्यात आपल्याकडे पोथी लागते. शिवलीलामृत म्हणा, नवनाथ भक्तिसार म्हणा, एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. ज्यांना वाचता येत नाही त्या आजीही अध्याय चुकवत नाहीत. ही सवय तयार असताना तिच्या उलट जाणारं पुस्तक कशाला निवडायचं? म्हणून माझी पहिली कसोटी एकच: चारचौघांत मोठ्यानं वाचलं तर ते कानाला धरून ठेवतं का? जाडी, किंमत, प्रती मिळणं हे त्यानंतर.

या कसोटीवर बहिणाबाई सगळ्यांच्या पुढे जातात, आणि त्याला कारण आहे. ही गाणी लिहिलेली नव्हतीच. आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर ती गायची आणि घरातल्या शिकलेल्या मुलांनी ते टिपून ठेवलं. ती गेली 3 डिसेंबर 1951 रोजी. पुस्तक निघालं 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे तोंडून कानात जाण्यासाठीच हा मजकूर जन्मला. सणांच्या बाबतीतही याच्या जवळ दुसरं पुस्तक येत नाही. 'गुढी उभारनी' आहे, 'आखजी' म्हणजे अक्षय्य तृतीया आहे, 'पोया' म्हणजे पोळा आहे. 'पेरनी', 'कापनी', 'रगडनी', 'उपननी' या कविता ओळीनं वाचल्या तर शेतीचं अख्खं वर्ष डोळ्यासमोरून जातं, आणि सण कामाच्या पोटातून कसा येतो ते कळतं. पोळा कळायचा असेल तर आधी बैल वर्षभर काय करतो हे ऐकलेलं असलं पाहिजे.

अडचणी दोन आहेत. पहिली बोलीची. ही पूर्व खान्देशातली लेवा गणबोली. यावल-रावेरच्या माणसाला ती घरची वाटेल, पण शिरपूर-साक्रीकडच्या अहिराणी बोलणाऱ्याला सगळे शब्द लागतील असं नाही, आणि पुण्यात वाढलेल्या नातवंडांना तर मदत लागेलच. ती मदत कोशातून शोधण्यापेक्षा मंडळातल्या एखाद्या वयस्क बाईंना वाचायला बसवावं. चालीवर म्हटल्या की निम्मे शब्द आपोआप उलगडतात. दुसरी अडचण जास्त अवघड. शाळेत चार कविता पाठ केल्यामुळे पुष्कळांना वाटतं की बहिणाबाई आपल्या वाचून झाल्या आहेत. त्यांच्यासाठी 'अरे संसार संसार' पहिल्या दिवशी घेऊच नका. 'घरोट' किंवा 'योगी आणि सासुरवाशीन' यांनी सुरुवात करा, म्हणजे मंडळी सावरून बसतात.

दुसरं नाव श्यामची आई. अमळनेरमध्ये तर ते आधीच येतं, कारण साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांची आईसारखी देखभाल करायचे. पुस्तक मात्र खान्देशाचं नाही. ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं आणि त्यातलं गाव कोकणातलं आहे. सामूहिक वाचनाला त्याची रचना मात्र फार सोयीची: श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा 42 रात्री. महिन्यात त्या सगळ्या बसत नाहीत, निवडाव्या लागतात. 'सावित्री-व्रत' आणि 'सोमवती अवस' या सणाव्रतांच्या रात्री घ्या, पण 'देवाला सारी प्रिय' ही रात्र सोडू नका. गावात कोणाला शिवायचं आणि कोणाला नाही, हा प्रश्न तिथे एका म्हाताऱ्या बाईच्या मोळीवरून उभा राहतो, आणि 'गाव' हा विषय घेतल्यावर तो टाळून चालणार नाही. मुलं आणि आजी-आजोबा एकत्र असतील तर मी हे पुस्तक बहिणाबाईंच्या बरोबरीनं धरीन. फक्त मोठी माणसं असतील तर मात्र महिनाभर सतत डोळे भरून येणारं वाचन थोडं जड होतं.

प्रतींचा मुद्दा इथेच सांगतो. तालुक्याच्या वाचनालयात एका पुस्तकाच्या वीस प्रती कुठून असणार? साने गुरुजी 1950 मध्ये गेले आणि बहिणाबाईंचं पुस्तक 1952 चं, त्यामुळे या दोन्हींचे स्वामित्वहक्क संपलेले आहेत. स्वस्त आवृत्त्या निघतात, आणि एखादी कविता मोठ्या अक्षरांत छापून वाटली तरी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. बनगरवाडी, ऋतुचक्र, नेमाडे यांच्या बाबतीत असं नाही. तिथे पुस्तकं विकत घ्यावी लागतील किंवा आळीपाळीनं फिरवावी लागतील.

बनगरवाडी, व्यंकटेश माडगूळकरांची 1955 ची कादंबरी, हा गंभीर पर्याय आहे. त्यात माणदेशातली धनगरांची वाडी आहे. एक कोवळा मास्तर तिथे शाळा चालवायला येतो आणि हळूहळू वाडीचा होऊन जातो. सण म्हणाल तर कमी. पण सगळी वाडी मिळून तालीम बांधते आणि तिच्या उद्घाटनाला राजा येतो, तो भाग कुठल्याही सणाइतका सणासुदीचा आहे. भांडणं, रुसवे, वर्गणी, आडमुठे लोक, शेवटी एकत्र लागलेले हात, हे सगळं गणपती बसवणाऱ्या कुठल्याही गल्लीला ओळखीचं वाटेल. पुस्तक छोटं, वाक्यं आखूड, गोष्ट सरळ. कविता नको असं मंडळानं ठामपणे सांगितलं तर दुसरा विचार न करता हेच घ्यावं. एवढंच लक्षात असू द्या की शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते. पोळ्याच्या आठवड्यात शेतकरी घरांत ते वाचणं सोपं नाही, पाऊस ओढ दिलेल्या वर्षी तर नाहीच.

नेमाडे आपले, सांगवीचे, ज्ञानपीठाचे मानकरी. म्हणून 'हिंदू' घ्यावी असा आग्रह कोणीतरी धरतंच. 2010 ची ही कादंबरी खान्देशातल्या गावाचा, शेतीचा, जातींचा, नात्यागोत्यांचा केवढा तरी ऐवज पोटात घेऊन आहे, आणि विषयाला तिच्याइतकी भरगच्च दुसरी नाही. पण पानं सहाशेच्या घरात. महिन्यात ती अर्धीही होत नाही, आणि अर्धी सोडलेली कादंबरी मंडळाचा उत्साह घेऊन जाते. ती दिवाळीनंतर, तीन महिने राखून घ्या. 'कोसला' पानांनी आवाक्यात आहे, पण ती गावापासून आणि घरापासून तुटत गेलेल्या एका तरुणाची गोष्ट आहे. तिला या विषयात ओढू नये.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' महिन्यामहिन्याचं असल्यामुळे सुचतं. गद्य अप्रतिम आहे, पण त्यात झाडं, पाखरं, आभाळ आहे, गावगर्दी नाही. श्रावणाचं प्रकरण एका बैठकीत वाचा, तेवढं पुरे.

एक गोष्ट मात्र यादीत कोणी सुचवत नाही म्हणून मी आग्रहानं सांगतो. खान्देश म्हणजे तापीकाठची केळी आणि कपाशी एवढाच नाही, सातपुडाही आहे. शहादा भागातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही छोटी कविता कोणत्याही मुख्य पुस्तकाच्या जोडीला ठेवा. आदिवासींचं दुःख मंचावरून दुसरेच सांगतात आणि ज्यांचं ते आहे ते खाली बसून ऐकतात, हे ती थोड्या ओळींत समोर ठेवते. कानबाईचे रोट, म्हणजे तिचा प्रसाद, भाऊबंदकीत खाल्ले जातात. वाचनाला मात्र भाऊबंदकीबाहेरची माणसं यायला हवीत, आणि ती आली तर त्यांचा आवाजही पुस्तकात असायला हवा.

उपक्रम श्रावणाऐवजी वैशाखात असेल तर आखजीच्या निमित्तानं माहेरी आलेल्या लेकी असतात, आणि तेव्हा बहिणाबाईंना पर्यायच नाही. दिवाळीत असेल तर एक पुस्तक न घेता प्रत्येकानं वेगळा दिवाळी अंक घ्यावा. 1909 च्या 'मनोरंजन'पासून ही मराठी वाचकांची चालत आलेली रीत आहे, आणि अदलाबदल करत वाचलं तर प्रतींचा प्रश्नही मिटतो.

श्रावणासाठी माझा कौल बहिणाबाईंना, जोडीला 'स्टेज'. कानबाईच्या आधीच्या आठवड्यात माहेर-सासरच्या कविता घ्या, कारण पाहुण्यांनी घर भरल्यावर बैठक होणार नाही. कानबाईच्या आठवड्याला सुट्टी द्या. राखीनंतर पेरणीपासून उपणणीपर्यंतच्या कविता क्रमानं, रोज एक, वेगवेगळ्या घरी. 'पोया' पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ठेवा, कारण पोळ्याच्या दिवशी बैल धुण्या-सजवण्यातून कोणी मोकळं नसतं.