प्रवासी विमान की मालवाहू?

परवाना हातात आला की नव्या वैमानिकाला हा प्रश्न पडतोच. स्वस्त तिकिटांच्या कंपनीत दिवसाला चार-चार उड्डाणं, मध्ये जेमतेम अर्धा तास. मालवाहूत फेऱ्या कमी, पण पहाटे तीनला डोळे मिटत असताना विमान उतरवायचं.

पगार दोन्हीकडे बराचसा उड्डाणाच्या तासांवर. बड्या मालवाहू कंपन्या भरघोस देतात.

खरा फरक विश्रांतीत. अमेरिकेतल्या बफेलो शहराजवळ २००९मध्ये प्रवासी विमानाला झालेल्या अपघातानंतर तिथल्या सरकारने वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम कडक केले. ते २०१४पासून लागू झाले, पण मालवाहू कंपन्या वगळून. हा सरळ अन्याय आहे. मागे माणसं बसलीत की खोकी, थकव्याला काय कळतं?

भराभर तास जमवायचे असतील तर प्रवासी विमान बरं. दिवसा गाढ झोप लागत असेल, तरच मालवाहू.