आठ महिने मागच्या शॉकअपसोबत: वायएफझेड ४५० आर, सांगली

गेल्या दिवाळीनंतर सेकंडहँड यामाहा वायएफझेड ४५० आर घेतली, म्हणजे हँडलवाली, चार चाकांची रेसची एटीव्ही. आधीच्या मालकाने मागचा ॲक्सल रुंद केला होता, एक्झॉस्ट बदलला होता, गिअरिंगही बदललेलं. इंजिन झकास आहे, त्यावर काही लिहायला नको. आठ महिने माझा वेळ खाल्ला तो मागच्या शॉकअपने.

कवठेमहांकाळकडे पाहुण्यांच्या पडीक मुरमाड रानात आम्ही रेसच्या सरावाचा ट्रॅक आखलाय. गाडी रस्त्यावर चालवायची नाहीच, पिकअपमध्ये घालून नेतो. तिथे ओळीने उंचवटे आहेत. पहिले दोन नीट जायचे, तिसऱ्याला मागची बाजू उसळायची. जानेवारीत चौथ्या उंचवट्यावर मी हँडलवरून पुढे फेकला गेलो. हेल्मेट आणि छातीचं गार्ड होतं म्हणून मनगट मुरगळण्यावर भागलं. तीन आठवडे घरी.

शॉकअप मऊ पडतोय असं वाटून मी प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी, रिंग आवळत गेलो, आणि जितकी आवळली तितकी गाडी जास्त उसळली. स्प्रिंग आधीच दाबून ठेवली की मागची बाजू उंच राहते आणि धक्क्यानंतर स्प्रिंग जोरात परतते. त्या परतण्याला आवर घालणारा रिबाउंड मी तपासलाच नव्हता.

मिरजेच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. रिंगवर छिन्नीचे घाव दिसले तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. "दादा, हिला हुक पाना लागतो, छिन्नी नाय लावायची. आणि आधी खालचं बघू." मागची चाकं अधांतरी करून त्यांनी शॉकअप सोडवला आणि चिमटा, म्हणजे मागचा ॲक्सल धरून वरखाली होणारा स्विंगआर्म, हाताने हलवून पाहिला. मध्येच अडकत होता. चिमटा आणि शॉकअप जोडणारं लिंकेज उघडलं तर बेअरिंगमधले सुईसारखे बारीक रोलर गंजून एकमेकांना चिकटलेले, बोटाला तांबडी पूड लागली. विकणाऱ्याने सगळी सर्व्हिस केल्याचं सांगितलं होतं. तिथे कित्येक दिवसांत ग्रीस गेलेलं नव्हतं. नवीन बेअरिंग, नवीन सील, भरपूर ग्रीस. ज्याला मी शॉकअपचा कडकपणा समजत होतो, त्यातला निम्मा तिथेच गेला.

मग सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते. ही मोजणी मी पहिल्या दिवशी करायला हवी होती. चाकं अधांतरी असताना ॲक्सलच्या मध्यापासून मागच्या फ्रेमवरच्या एका बोल्टपर्यंत माप घ्यायचं. मग बूट, हेल्मेट, सगळं घालून, रेसमध्ये बसतो तसं बसायचं आणि दुसऱ्याने तेच माप पुन्हा घ्यायचं. माझा धाकटा भाऊ टेप धरतो. दोन्हींतला फरक म्हणजे रायडर सॅग. या गाडीच्या मागच्या चाकाचा प्रवास साधारण २८० मिमी, त्याचा एक तृतीयांश धरला तर ९० मिमीच्या आसपास. माझा आला ६१. रिंग सैल करत ९२ वर आणला. मग मी उतरून रिकाम्या गाडीचं माप घेतलं, ती स्वतःच्या वजनाने २५ मिमी बसत होती. रायडर सॅग जुळूनही रिकामी गाडी जराही बसत नसेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि प्रीलोडने ती कमतरता झाकली जातेय. माझी स्प्रिंग बरोबर निघाली, नवीन घ्यायचा खर्च वाचला.

एवढं झाल्यावरच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. रिबाउंडचा स्क्रू जवळजवळ पूर्ण उघडा होता. दोन-दोन क्लिक आवळत गेलो, दर वेळी तीच ओळ, तोच वेग, आणि लगेच वहीत नोंद. आठ क्लिकनंतर उसळणं थांबलं. हाव धरून आणखी चार आवळले, तर शॉकअप परत यायच्या आत पुढचा धक्का बसू लागला आणि मागची बाजू दर उंचवट्याला खाली खाली दबत गेली. तीन क्लिक मागे आलो, तिथे जमलं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे शॉकअप दबताना लागणारा आवर. त्यातल्या 'हाय' आणि 'लो' स्पीडचा गाडीच्या वेगाशी संबंध नाही, शॉकअपचा दांडा किती वेगाने आत जातो त्याच्याशी आहे. थ्रॉटल दिल्यावर मागची बाजू फार बसून वळणात पुढची चाकं सरळ घसरत होती, ते लो स्पीड दोन क्लिक आवळल्यावर सुधारलं. उडीवरून उतरताना तळ लागायचा, त्यासाठी हाय स्पीड पाव फेरा आवळला.

एप्रिलच्या उन्हात वीस मिनिटं चालवली की शॉकअपला हात लावता येत नाही. तेल पातळ होतं, रिबाउंड सुटा वाटू लागतो. म्हणून शेवटची सेटिंग मी गरम शॉकअपवरच ठरवतो.

रिंग फिरवली की चेनचा ढिलेपणा पुन्हा पाहा. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट आणि ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते, तिथेही थोडा ढिलेपणा उरायला हवा. टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय एवढीच, पंक्चरवाल्याच्या गेजवर ती नीट कळत नाही. कमी दाबाचा गेज घ्याच.

सध्या पाऊस आहे. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत चाकं चिखलाने जड होतात, मागची बाजू सुस्त चालते, त्यामुळे तिथली सेटिंग वहीत वेगळ्या पानावर लिहिली आहे. प्रत्येक धुण्यानंतर लिंकेज कोरडं करून ग्रीस देतो. उघडीप मिळाली की शॉकअपचं तेल बदलून नायट्रोजन भरून घेणार आहे. एका दुकानात साधी हवा भरून देतो म्हणाले. मी नको म्हटलं, त्या हवेतली ओल आत जाते आणि तापल्यावर तिच्यामुळे दाब जास्तच वाढतो.