बदललेला गुडघा आणि डोंगरातली सायकल : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

उजवा गुडघा बदलून नऊ महिने झाले. मागच्या आठवड्यात गटाबरोबर ६२ किलोमीटर सायकल चालवली, त्यात ८०० मीटरच्या आसपास चढ. ऑपरेशननंतर सायकल सुटेल या भीतीने जे थांबले आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय.

नवा गुडघा म्हणजे मांडीच्या हाडाला कोबाल्ट-क्रोमचं टोपण, नडगीवर टायटॅनियमची बैठक आणि मध्ये पॉलिथिलीनची चकती. चालताना कधीकधी टकटक वाजतं. सुरुवातीला दचकायचो, आता लक्षही जात नाही. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा मात्र अजून बधिर आहे.

खरी लढाई वाकण्याची. जिन्याला ९० अंशांच्या आसपास भागतं, पायडलची पूर्ण फेरी मारायला ११०च्या जवळपास लागतात. सहाव्या आठवड्यात माझी गाडी ९८वर अडली होती. घरातल्या स्थिर सायकलवर पायडल नुसतं मागे-पुढे झुलवत बसायचो. एका संध्याकाळी उलटी फेरी पूर्ण बसली, सुलटीला आणखी चार दिवस लागले. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

सायकलीत केलेला सगळ्यात कामाचा बदल म्हणजे आखूड क्रँक, म्हणजे पायडल ज्यांना लागतात ते दांडे. १७० मिलिमीटरचे काढून १५५चे बसवले आणि सीट तेवढीच वर घेतली. पायडल सगळ्यात वर असताना पाय आणि सीट यांच्यात ३ सेंटिमीटर जास्त जागा मिळते. वाकणं कमी पडणाऱ्याला ही केवढी सोय आहे, ते बसवल्यावरच कळतं. बूट अडकवायचे पायडलही काढले. पाय सोडवताना टाच बाहेर फिरवावी लागते, तो पीळ मला नको होता.

चढाची धास्ती होती. पुढे ३४, मागे ३४ दातांच्या हलक्या गिअरवर, सीटवर बसूनच चढलो, मिनिटाला सत्तरेक फेऱ्या. मांड्या भरून आल्या, गुडघा गप्प. त्रास झाला तो माथ्यावर. सगळे पंचवीस मिनिटं टेकले, मीही टेकलो. उठलो तर गुडघ्यात कुणी सिमेंट ओतल्यासारखं. लगेच लांब उतार लागला. पायडल आडवे धरून एकाच कोनात गुडघा ठेवायचा, वर गार वारा. खाली पोचेपर्यंत पाय लाकूड झाला होता. म्हणून उतारावरही हलक्या गिअरमध्ये पाय फिरवत राहा, जोर लागला नाही तरी चालेल. आणि थांब्यावर बसू नका, येरझाऱ्या घाला.

पुढच्या थांब्यावर मी हे मोकळेपणाने सांगितलं. गटातली तरुण पोरं म्हणाली, "काका, तुम्ही दहा मिनिटं आधी निघा, आम्ही गाठतोच." गाठलंच त्यांनी, पण तोवर माझा गुडघा सुटला होता. गटाबरोबर जाणार असाल तर ही गोष्ट निघण्याआधीच बोलून घ्या. मी संकोचापायी अर्धा दिवस गमावला.

वाटेत चाक पंक्चर झालं. अजून त्या गुडघ्यावर टेकता येत नाही, त्यामुळे सायकल उलटी करून उभ्यानेच ट्यूब बदलली.

रात्री वाटीच्या वर टेप लावून मोजलं : दुसऱ्या पायापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त सूज. पाय उंच ठेवून बर्फ लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पायांचं माप सारखं भरलं. पुढची फेरी तीन आठवड्यांनी आहे. पंचवीस मिनिटांच्या एका थांब्याऐवजी छोटे तीन थांबे घ्यायचं सगळ्यांनी कबूल केलंय.