दाह शमवावा की दाहाचे मूळ काढावे? मधुमेहाच्या उंबरठ्यावरील दोन वाटा

उपाशीपोटीची साखर ११८ आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा निर्देशांक, टक्क्यांत) ६.३ असा अहवाल हाती आलेल्या सोलापूरकराला सध्या दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला असा, की मधुमेहाच्या मुळाशी जुनाट दाह, म्हणजे शरीरात आतल्या आत रेंगाळणारी सूज (इन्फ्लमेशन), आहे, तेव्हा दाह शमवणारे औषध किंवा हळदीच्या अर्काची कॅप्सूल सुरू करावी. दुसरा सल्ला जुनाच आहे: पोटाचा घेर उतरवावा, चालावे आणि डॉक्टरांना गरज वाटल्यास मेटफॉर्मिन ही साखर कमी करणारी गोळी घ्यावी.

पहिल्या सल्ल्यामागचे शास्त्र खोटे नाही. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाहकारक प्रथिन वाढलेले असते आणि ते निष्प्रभ केल्यास इन्सुलिन अधिक चांगले काम करते, हे १९९३ मध्ये दिसून आले. पोटातील चरबीच्या पेशी फुगल्या की तेथे रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात, त्यांचे स्राव यकृत आणि स्नायूंपर्यंत पोहोचतात, आणि इन्सुलिन पुरेसे असूनही साखर रक्तातच राहते. अडचण पुढे येते. सॅल्सालेट या दाहशामक औषधाची अमेरिकेत मधुमेहींवर ४८ आठवडे चाचणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचबीए१सी ०.३७ टक्क्याने उतरला, पण वाईट कोलेस्टेरॉल आणि लघवीतून जाणारे अल्ब्युमिन हे प्रथिन वाढले. कॅनाकिनुमॅब या महागड्या इंजेक्शनाने दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांच्या चाचणीत दाहाचा निर्देशांक, म्हणजे सीआरपी, स्पष्टपणे खाली आणला; तरीही नव्याने मधुमेह होणाऱ्यांचे प्रमाण घटले नाही. हळदीत कर्क्युमिन हा दाहशामक घटक जेमतेम तीन टक्के असतो आणि तोही आतड्यातून फारसा शोषला जात नाही, त्यामुळे भाजीतली हळद खुशाल खावी, पण तिला औषध समजू नये. गुडघेदुखीसाठी आणलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी 'दाह कमी होतो' म्हणून रोज घेणे तर मूत्रपिंडांना थेट धोक्यात घालणारे आहे.

दुसऱ्या वाटेचे आकडे भक्कम आहेत. २००२ च्या अमेरिकी अभ्यासात सात टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्याच अभ्यासात वर्षभरात सीआरपी पहिल्या गटातील पुरुषांत ३३ आणि स्त्रियांत २९ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनच्या गटात मात्र अनुक्रमे ७ आणि १४ टक्क्यांनीच. म्हणजे दाह कमी करण्यातही चालणे आणि वजन उतरवणे गोळीच्या पुढे होते. भारतातील २००६ च्या अभ्यासात मात्र जीवनशैलीतील बदलाने २८.५ आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्के, असा जवळपास सारखाच लाभ झाला; त्यामुळे ज्यांच्याकडून चालणे होतच नाही, त्यांनी डॉक्टरांनी सुचवलेली गोळी कमीपणाची मानण्याचे कारण नाही.

आपल्याकडे मालदांडीची भाकरी म्हणजे पथ्य, असा समज पक्का आहे. ज्वारी मैद्यापेक्षा बरी हे खरे, पण चार भाकऱ्या शेवटी चार भाकऱ्याच. दोन कमी करून ताटात उसळ वाढवली तर फरक पडतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सिद्धेश्वर तलावाकाठची फेरी सकाळी सातच्या आत आटोपावी, आणि ते न जमल्यास रात्रीच्या जेवणानंतर घरातच पंधरा-वीस मिनिटे चालावे.

दाहाचे एक स्थान मात्र थेट उपचाराला दाद देते, ते म्हणजे हिरड्या. मधुमेहींच्या हिरड्यांच्या आजारावर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४३ टक्क्याने उतरतो, असे २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात आढळले. वर सांगितलेल्या सॅल्सालेटपेक्षा हा आकडा थोडा जास्तच आहे. त्यामुळे मिश्री लावणाऱ्यांनी किंवा ब्रश करताना रक्त येणाऱ्यांनी कॅप्सूलचे पैसे आधी दंतवैद्याकडे खर्च करावेत, आणि मिश्री सोडावी.

वजन आपोआप घटत असेल, तहान भागत नसेल किंवा एचबीए१सी नऊच्या पुढे असेल, तर ही तुलना लागू होत नाही. तेव्हा त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन औषध सुरू करावे.