लातूरच्या एका वकील कार्यालयाकडून करून घेतलेला पुरवठा करार

लातूरच्या एमआयडीसीत आमची लहानशी डाळमिल आहे. तूरडाळ तयार करून ती आम्ही परराज्यातील एका कंपनीला पुरवतो आणि ती कंपनी पाकिटांत भरून विकते. गेल्या वर्षापर्यंत हा व्यवहार ज्या चारपानी करारावर चालला, तो मुद्रांक विक्रेत्याशेजारी बसणाऱ्या टंकलेखकाने कुठल्याशा जुन्या नमुन्यावरून करून दिला होता. त्यावर नोटरीचा शिक्का आहे म्हणजे तो पक्का आहे, अशी आमची समजूत होती. कंपनीने सलग तीन गाड्यांच्या बिलांतून 'प्रत कमी' एवढेच कारण दाखवून डेबिट नोटेने रक्कम कापली, तेव्हा आम्ही तो करार प्रथमच नीट वाचला. डाळ 'उत्तम प्रतीची' असावी, इतकेच त्यात लिहिलेले होते. उत्तम म्हणजे काय, ते कोण ठरवणार आणि किती दिवसांत, याविषयी एक शब्दही नव्हता.

त्यानंतर शहरातील एका वकील दांपत्याच्या कार्यालयाकडून आम्ही नवा करार करून घेतला. कार्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही आणि तशी विनंती त्यांनीच केली आहे. शुल्क 18,000 रुपये पडले. आमच्या उलाढालीच्या मानाने ते जास्त वाटले, हे मान्य करतो.

पहिल्या बैठकीत कायद्याचा विषय जवळजवळ निघालाच नाही. माल निघताना वजन कोणत्या काट्यावर होते, पोहोचल्यावर कोणत्या काट्यावर होते, दोन्हींत फरक आला तर आजवर काय करत आलात, गाडी खाली होण्यासाठी दोन दिवस उभी राहिली तर जादा भाडे कोण देते, नमुना कोण काढतो आणि तो कोणासमोर काढला जातो, असे प्रश्न दोन तास चालले होते. मालकाला जे ठाऊक नसते ते यांना ठाऊक असते, असे म्हणून त्यांनी आमच्या मुनीमजींनाही बोलावून घेतले. बोलण्याच्या ओघात मी 'फटका डाळ' असा शब्द वापरला, तेव्हा वकीलबाईंनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "फटका म्हणजे नेमके काय, हे परगावच्या न्यायाधीशाला तुम्ही कसे समजावून सांगाल?" तीस वर्षे हा धंदा करूनही मला त्याचे धड उत्तर देता आले नाही.

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 29 मधील उदाहरण त्यांनी त्याच वेळी सांगितले. शंभर टन तेल विकण्याचा करार झाला, पण कोणते तेल ते कशावरूनच कळत नसेल, तर अनिश्चिततेमुळे तो करार निरर्थक ठरतो. विकणारा केवळ खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर मात्र तो टिकतो. या उदाहरणाचा परिणाम नव्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात स्पष्ट दिसतो. ओलावा, तुकडा, टरफल आणि इतर धान्याची भेसळ यांच्या टक्केवारीतील मर्यादा तेथे एका तक्त्यात आहेत. प्रत्येक गाडीचे तीन सीलबंद नमुने काढून एक आमच्याकडे, एक कंपनीकडे आणि एक दलालाकडे ठेवायचा आहे, आणि तक्रार असल्यास माल पोहोचल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवायची आहे. आमचे मुनीमजी कोणालाही न विचारता या परिशिष्टावरून काम करू शकतात, आणि या कार्यालयाच्या कामाची मला सर्वांत मोलाची वाटलेली बाजू हीच आहे.

पैशाच्या कलमातही त्यांनी आम्हाला सावध केले. जुन्या करारात देण्याची मुदत 90 दिवस होती. आमची उद्यम नोंदणी असल्यामुळे 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार ही मुदत 45 दिवसांपुढे नेताच येत नाही, हे आम्हाला या निमित्ताने कळले. विलंबासाठी लिहिलेला पाच लाखांचा सरसकट दंडही त्यांनी काढून टाकला, कारण करार अधिनियमाच्या कलम 74 नुसार न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते आणि करारातील आकडा ही केवळ कमाल मर्यादा असते. त्याऐवजी दर क्विंटल, दर दिवस असा हिशेब आला. वाद झाल्यास एकमेव लवाद कंपनीच्या संचालकांनीच नेमावा, ही कंपनीची अट सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालाचा दाखला देऊन बदलून घेण्यात आली. मुद्रांक 500 रुपयांचा लागला; ऑक्टोबर 2024 पूर्वी तो 100 रुपयांत भागत असे. नोटरीची गरज नाही, असे त्यांनी सांगितले.

आता उणिवा. पाच दिवसांचे काम बारा दिवसांवर गेले, आणि तेही तुरीच्या ऐन हंगामात. मराठी प्रतीसाठी वेगळे 3,000 रुपये घेऊनही 'सदरहू', 'उपरोक्त' आणि 'उक्त पक्षकार' यांनी ती इतकी भरलेली आहे की आमच्या मुनीमजींना इंग्रजी प्रतच अधिक सोपी वाटते. बारदानाचे वजन धरायचे की वजा करायचे, हे लिहायचे राहून गेले होते. ते नंतर पुरवणी पत्राने, विनाशुल्क, दुरुस्त झाले. अनपेक्षित आपत्तीचे कलम पानभर असून त्यात युद्धापासून भूकंपापर्यंत सर्व काही आहे. किल्लारीच्या जिल्ह्यात भूकंप कोणी वगळणार नाही, हे खरे. परंतु सरकारने तुरीच्या साठ्यावर मर्यादा घातली तर पुरवठ्याचे काय, याचा त्यात उल्लेख नव्हता. अशी मर्यादा 2023 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये लागू झाली होती, आणि डाळमिलवाल्याची झोप भूकंपापेक्षा तिच्यामुळेच अधिक उडते. हा मुद्दा आम्ही काढल्यावर तो घातला गेला. इतके बारीक प्रश्न विचारणाऱ्यांकडून तो सुटायला नको होता.

करार झाल्यानंतर आजवर एकदाच वाद उद्भवला. एका गाडीत तुकडा जास्त असल्याची लेखी तक्रार कंपनीने दुसऱ्याच दिवशी केली. दलालाकडचा नमुना दोघांसमोर उघडला, तेव्हा तुकडा खरोखरच मर्यादेबाहेर निघाला. आमच्या चाळणीची जाळी फाटलेली होती. परिशिष्टातील दराने रक्कम कापली गेली, मुनीमजींनी त्याच दिवशी नोंद केली आणि पुढची गाडी वेळेवर निघाली.