वाडा किती जुना: खुणा, वलयं की कार्बन?

वडिलोपार्जित वाड्याची डागडुजी निघाली की घरात वाद ठरलेला. थोरले काका म्हणतात पेशवाईतला, बाकीचे म्हणतात इंग्रजांच्या अमदानीतला. मग कुणीतरी सुचवतं, कार्बन डेटिंग करून घ्या. पैसे भरण्याआधी थोडं थांबा. ऐकायला सगळ्यांत शास्त्रीय वाटणारी हीच वाट वाड्यांच्या कामी सगळ्यांत कमी येते.

लाकडातला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, आणि त्यावरून वय निघतं. दीड-दोन हजार वर्षांच्या लाकडाला ही पद्धत उत्तम. पण साधारण १६५० ते १९५० या काळात हवेतलंच त्याचं प्रमाण असं वरखाली झालं, की एकाच मोजमापाला दोन-तीन वेगवेगळे काळ जुळतात. शनिवारवाड्याचा पाया १७३० चा, विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमाराचा. आपले बहुतेक वाडे नेमके याच पट्ट्यात येतात, म्हणजे ज्या वादासाठी पैसे मोजले तो वाद जागच्या जागी. एकाच तुळईची ठरावीक अंतरावरची अनेक वलयं (खोडात वर्षागणिक पडणाऱ्या गोल रेघा) तपासून उत्तर नेमकं करता येतं, पण मग तेवढ्या नमुन्यांचा खर्च.

वलयांची पद्धत जास्त नेमकी. साग उन्हाळ्यात पानं गाळतो आणि नवी वाढ मोठ्या छिद्रांच्या ओळीनं सुरू करतो, त्यामुळे वर्षावर्षाची रेघ दिसते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळच्या सागाची १४८१ पासूनची वलयमालिका, म्हणजे कुठल्या वर्षी वलय रुंद आणि कुठल्या वर्षी अरुंद याची सलग नोंद, लावली आहे, तीही मुख्यतः जुन्या पावसाचा अंदाज घेण्यासाठी. तुमच्या तुळईला मात्र तिच्याच मुलखातली मालिका लागेल. लाकूड ब्रह्मदेशातून आलेलं असेल तर इथल्या मालिकेशी ते जुळायचं नाही. दुसरी अडचण सुतारानं करून ठेवलेली: वाळवीच्या भीतीनं बाहेरचं पांढरं कच्चं लाकूड तासून फक्त गाभा वापरलेला. शेवटची वलयंच गेली, तर ‘अमुक सालानंतर तोडलं’ एवढंच कळतं. शिवाय तोडलं कधी आणि उभं केलं कधी, या दोन गोष्टी वेगळ्या. जपानमधल्या होर्युजी पॅगोडाचा मधला खांब ५९४ साली तोडलेल्या झाडाचा आहे, आणि ते मंदिर ६७० मध्ये जळाल्याची नोंद आहे; म्हणजे झाड तोडणं आणि आजचा पॅगोडा उभा राहणं यांत बरीच वर्षं गेली.

माझा कौल खुणांना, आणि त्यांना पैसे लागत नाहीत. मामाच्या वाड्यात रात्री दिवे घालवून माजघराच्या तुळईवर बॅटरी आडवी धरली, तेव्हा वाकसाचे (सुताराच्या लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव शिंपल्यासारखे उथळ, एकापुढे एक उमटलेले दिसले. हातकरवतीच्या रेघा सरळ पण कमीजास्त अंतराच्या असतात; गिरणीतल्या गोल करवतीच्या कमानदार. कमानदार रेघ दिसली की पेशवाई विसरा. खिळे बघा: लोहारानं घडवलेला चौकोनी आणि टोकाकडे निमुळता, तारेचा गोल आणि एकसारखा. तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधीचा सहसा नसतो, पण तो दुरुस्तीत मागाहूनही ठोकलेला असू शकतो, म्हणून एका खिळ्यावर निकाल देऊ नका. सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे रिकामी खाच. मामाच्या त्याच तुळईला मधोमध अशी एक खाच आहे, जिच्यात कुठलंच कुसू (दुसऱ्या लाकडाचं खाचेत बसणारं टोक) बसत नाही, आणि खाली खांबाचा दगडी तळखडाही नाही. ती तुळई आधी दुसऱ्या घरात होती. तिची वलयं मोजली असती, तर त्या दुसऱ्या घराच्या झाडाचं वय मिळालं असतं.

खुणांवरून नेमकं साल निघत नाही, पिढी कळते. साल हवं असेल तर घरातली मोडी दप्तरं वाचून घ्या. त्यांत विकत घेतलेल्या लाकडाचा हिशोब सापडला तर तो कुठल्याही यंत्रापेक्षा भारी. कागद नाहीत, वाडा मोठा आहे आणि एखाद्या तुळईला झाडाची साल किंवा पांढरं लाकूड अजून शिल्लक आहे, तरच वलयांवर खर्च करा. कार्बन तेव्हाच, जेव्हा वास्तू सोळाशेच्याही आधीची असल्याचा दुसरा पुरावा हाती असेल.

यातलं काहीही करायच्या आधी सुताराला गाठा. पॉलिशसाठी तुळईवर एकदा रंधा फिरला की वाकसाचे घाव गेले. आधी आडव्या उजेडात फोटो काढा, प्रत्येक खणाचे वेगळे, आणि उपटलेले खिळे कुठून निघाले ते लिहून डब्यात ठेवा.